टायमिंग चेनचा दसरा

आमच्या गाडीला मी म्हातारी म्हटलं तर चालतं, दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला खपत नाही. मुलगा म्हणाला तेव्हा मी त्याला फोनवरच झापलं. तो नागपूरला असतो. त्याच्याकडे मोठी पांढरी गाडी आहे, आणि त्याला वाटतं की सौंसरसारख्या गावात साठी ओलांडलेल्या बाईनं ऑटोनं फिरावं, काही लागलं तर फोन करावा आणि गप्प बसावं. गप्प बसणं मला जमलं असतं तर मी पस्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं असतं का?

गाडी मी बावन्नाव्या वर्षी शिकले, शाळेच्या मैदानावर, सुट्टीच्या दिवसांत. आमचे हे तेव्हा बाजूच्या सीटवर बसायचे आणि पायानं नसलेला ब्रेक दाबायचे. अजूनही दाबतात. बैलगाडी दिसली की दाबतात, कुत्रं दिसलं की दाबतात, आणि काहीच दिसलं नाही तर सवय मोडू नये म्हणून दाबतात. वर "हळू, हळू" चालूच. पण या माणसाच्या दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे. बसची पायरी त्यांना चढवत नाही. शनिवारी जामसावळीचा मारुती, महिन्यातून एकदा पांढुर्ण्याला माझ्या बहिणीचं घर, मधूनच कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, हे सगळं या गाडीमुळं. गाडी गेली तर आम्ही दोघं घरात, समोरासमोर, दिवसभर. हा विचार मला सहन होत नव्हता आणि त्यांनाही होत नसावा, पण ते बोलून दाखवत नाहीत.

गणपती उठल्यानंतरची गोष्ट. लोधीखेड्याहून परत येताना इंजिनातून आवाज यायला लागला. डब्यात हरभरे घालून हलवावा तसा. आधी मला वाटलं डिकीत काहीतरी सुटं आहे. मग सकाळी गाडी सुरू केली की पहिले काही क्षण खळखळ, पुढं पुढं चढावर खळखळ, आणि शेवटी लाल दिवाही लागला. पांढुर्ण्याच्या आमच्या मिस्त्रींना फोन केला. ते मूळचे तिगावचे, गॅरेज पांढुर्ण्यात, आणि माणूस असा की कामाची घाई नाही आणि खोटं बोलायची सवय नाही. ते बसनं आले. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. आमच्या डॉक्टरांनी एवढं लक्ष देऊन मला कधी तपासलेलं नाही.

"टायमिंग चेन ढिली झाली जी मॅडम," ते म्हणाले. "आता चालवू नोका. पांढुर्ण्यापर्यंत बी नोका. दात सोडला तं इंजिनच जाते."

मी समजावून घेतल्याशिवाय कुठलीही गोष्ट होऊ देत नाही, म्हणून त्यांना सगळं विचारलं. इंजिनाच्या खालच्या दांड्यामुळं पिस्टन वरखाली होतात. वरच्या दोन दांड्यांमुळं झडपा उघडतात, मिटतात. दोघांचा ताल एक राहावा म्हणून खालून वर एक साखळी फिरते, तीच टायमिंग चेन. ती झिजून लांबली की ताल चुकतो. फारच चुकला की उघड्या झडपेवर पिस्टन येऊन आदळतो आणि मग आपण हात जोडायचे. चेन बदलायची तर इंजिनाची एक बाजू पूर्ण उघडावी लागते. दोनतीन दिवसांचं काम. ते म्हणाले, गाडी हलवायची नाही तर मीच हत्यारं घेऊन येतो.

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला आणि आमच्या ह्यांनी त्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं लगेच निकाल दिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो सोनं द्यायला येणारच होता. येताना जुन्या गाड्या घेणारा एक माणूस सोबत आणतो म्हणाला. तोवर गाडी सुरू झाली असेल तर ठीक, पुन्हा विषय काढणार नाही. नसेल तर त्या माणसानं ती त्याच दिवशी ओढून न्यायची. मी म्हटलं, ठरलं. रागात ठरवलेल्या गोष्टींचा मला नंतर फार त्रास होतो, पण तोवर वेळ गेलेली असते.

मिस्त्री अष्टमीला दोन पिशव्या हत्यारं घेऊन आले. अंगणातल्या कडुनिंबाखाली गाडी, गाडीखाली जॅक, जॅकवर लाकडाची फळी. ऑइल काढलं, पट्टे काढले, बोल्ट काढले, आणि प्रत्येक जागचे बोल्ट वेगळे ठेवायला माझ्याकडून हळदीकुंकवाच्या वाट्या मागून घेतल्या. मी त्यांच्या हाताखाली होते. बोल्ट खोलायचा दहाचा गोटीपाना म्हटलं की दहाचा, बाराचा म्हटलं की बाराचा. संध्याकाळपर्यंत झाकण निघालं आणि चेन दिसली, काळीकुट्ट, सैल. बोटानं दाबली की आत जात होती. तिला धरून ठेवणारी पट्टी तुटून तिचे दोन तुकडे खाली तेलात पडले होते. मिस्त्रींनी ते तळहातावर घेऊन मला दाखवले आणि म्हणाले की अजून आठ दिवस चालवली असती तर त्यांना बोलवायची गरज पडली नसती.

नवमीला मी सकाळपासून स्वयंपाकघरात. कुमारिकांचं जेवण, पुरी, हलवा, काळे चणे. त्यामुळं अंगणात काय चाललंय हे मला दुपारी कळलं, तेही अर्धवट. मिस्त्रींनी जुनी चेन काढून कडुनिंबाच्या खिळ्याला टांगली होती आणि तिच्या बाजूला नागपूरहून मागवलेली नवी. जुनी नवीपेक्षा नखभर लांब भरत होती. एवढ्याशा नखभरासाठी एवढा तमाशा, मला नवलच वाटलं. नंतर त्यांनी दोन्ही चेन ओसरीवर पोत्यावर मांडल्या, हत्यारं शेजारी ठेवली, हात धुतले आणि पाटावर जेवायला बसले.

जेवताना म्हणाले, "उद्या दसरा. मी हत्याराले हात लावत नाही. आन् माही हत्यारं तं तुमच्याच घरी राहून राहिले. पूजा तुमीच करजा."

मी म्हटलं, काळजी करू नका. हे वाक्य मी किती सहज बोलले होते.

दसऱ्याला आमच्याकडं शस्त्रपूजा म्हणजे घरातलं जे जे लोखंड पोट भरतं ते पाटावर. लोकांच्या घरी विळे, पावशी, वखराची पास असते. आमच्याकडं इतकी वर्षं माझी कंपासपेटी आणि ह्यांचं पंचिंग मशीन असायचं. या वर्षी दोन पिशव्या पाने, पक्कड, पेचकस. मी सगळे सोड्यानं धुतले, कोरडे केले, आकारानं लावले, सर्वांत मोठा डावीकडं. झेंडूच्या माळा घातल्या, आपट्याची पानं ठेवली. नवी चेन मध्ये, कारण ती आल्यापासून घरातली नवी सून. आणि जुनीही मांडली. बारा वर्षं जिनं मला आणि ह्यांना फिरवलं तिला दसऱ्याच्या दिवशी ओसरीवर पोत्यावर पडू द्यायचं, हे मला पटेना.

कुंकू लावायला गेले तर ते टिकेना. तेलकट लोखंडावर ओलं कुंकू घसरत होतं. तेवढ्यात मला दिसलं की दोन्ही चेनवर तीन तीन लाल ठिपके आधीच लावलेले आहेत, सुंदर, टिकाऊ, आणि बाजूलाच नेलपॉलिशची बाटली. आमच्या सुनेची, दिवाळीत राहून गेलेली. मी मनातल्या मनात मिस्त्रींचं कौतुक केलं. केवढी युक्ती! बिचाऱ्यांनी आपल्या हातानं पूजेची सुरुवात करून ठेवली आणि वेळ झाला नाही म्हणून तीनवर थांबले. मग मी मांडी घालून बसले आणि राहिलेलं पूर्ण केलं. एकूणएक कडीला ठिपका. नवीला झाले, मग जुनीला. एकही कडी उपाशी ठेवली नाही. त्यांच्या ठिपक्यांवरूनही पुन्हा एकदा ब्रश फिरवला, सगळे सारखे दिसावेत म्हणून. बाटली संपत आली होती, तरी इंजिनातल्या दातेरी चक्रांनाही एकेक ठिपका लावला. दीड तास लागला. पाठ दुखली, पण पाट असा सजला होता की मी फोटो काढून बहिणीला पाठवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मिस्त्री आले. पाटासमोर उकिडवे बसले. हात जोडले. मग हात तसेच जोडलेले राहिले.

"मॅडमजी, हे काय करून ठेवलं?"

"पूजा."

"मी तं तीनच ठिपके लावले होते."

"हो ना. बाकीचे मी पूर्ण केले."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. हळूहळू सांगितलं. ते तीन ठिपके म्हणजे खुणा होत्या. नव्या चेनवर कंपनीच्या खुणाच आलेल्या नव्हत्या, म्हणून जुनी इंजिनावर असतानाच त्यांनी तिची कुठली कडी कुठल्या चक्राच्या खुणेवर बसते ते टिपलं, मग दोन्ही चेन शेजारी ठेवून कडी मोजून नवीवर तेच ठिपके दिले. नेलपॉलिश ह्यांच्याकडून मागून घेतली होती. मी ह्यांच्याकडं पाहिलं. हो, दिली काढून, म्हणाले. कशाला पाहिजे, हे विचारलं नव्हतं. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेला माणूस, अर्ज आला की कागद काढून देतो, कारण विचारत नाही.

मी मिस्त्रींना म्हटलं की चक्रांवर तर खुणा कोरलेल्या आहेत ना, त्यावरून बसवा.

"अंदाजानं बसते. पण मी अंदाजानं बसवत नाही," ते म्हणाले. "एक दात इकडचा तिकडं झाला तं व्हॉल्व आन् पिस्टन भिडते. मंग मी तुमाले तोंड कसं दाखवू?"

ते चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी मला भांडता येतं. ते नुसते बसून राहिले, आणि आमचे हे त्यांच्या शेजारी खुर्चीत. मुलगा दुपारी येणार होता. मी आत गेले, मोरीपाशी उभी राहिले आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हुंदके देऊन आलं. गाडी चेननं मोडली असती तर दोष चेनचा असता. मी गाडी स्वतःच्या हातानं, तेही नटवून, भंगारात घातली होती. माझं हेच होतं नेहमी. अर्धं ऐकायचं, पूर्ण करायचं.

हे दारात येऊन म्हणाले, "कायले रडून राहिली? त्या माणसाले सांगू, गाडी ओवाळून देतो म्हणून."

याचा उपयोग झाला. मला राग आला आणि रडू थांबलं.

मी बाहेर आले, पाटावरून जुनी चेन उचलली आणि रॉकेलच्या घमेल्यात टाकली. माझं म्हणणं साधं होतं. गणित घालणारा कधी अपुरी माहिती देत नाही, आपल्यालाच ती दिसत नाही. जिनं ही चेन बनवली त्या कंपनीनं तिच्यावर काहीतरी खूण केलीच असणार. मिस्त्री म्हणाले, होती असेल, पण इतक्या वर्षांच्या जळक्या तेलात सगळ्या कड्या सारख्याच काळ्या झाल्यात, त्यांनी परवाच पाहिलं. मी म्हटलं, पाहिलं असेल, घासलं नाही. शेजारच्या रंगाऱ्याकडून थिनर आणलं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं एकेक कडी घासायला बसले. माझे कालचे सगळे ठिपके एकेक करून निघत होते. ब्रश लाल, घमेलं लाल, माझी बोटं लाल.

एका कडीवरचा लाल निघेना. मी पुन्हा थिनर लावलं. तरी निघेना. चष्मा पुसून पाहिलं. तो लाल नेलपॉलिशचा नव्हताच.

"मिस्त्री," मी म्हटलं, "हा रंग जाऊन नाही राहिला."

ते उठून आले आणि कडी उन्हात धरली. मी तोवर ओळखलं होतं. आयुष्यभर तांब्याचं ताम्हन घासणाऱ्या बाईला तांबं ओळखू येत नसेल तर कुणाला येईल? मी आतून चिंचेचा कोळ आणला. कालच्या पूजेचा कलश घासायला भिजवूनच ठेवला होता. चिंच आणि चिमूटभर मीठ. दोन मिनिटांत कडी कलशासारखी चकाकली. तिच्यावर तांब्याचा मुलामा होता. मग मी थांबलेच नाही. पूर्ण चेन चिंचेनं घासून काढली आणि तीन कड्या उजळल्या, फक्त तीन, जशा कंपनीनं पाठवल्या होत्या तशा. मिस्त्रींनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

मोजणी सोपी नव्हती. चेन निंबाला टांगली. ते हिंदीत मोजत होते, मी मराठीत. पहिल्या तांबड्या कडीपासून दुसरीपर्यंत त्यांचा आकडा माझ्यापेक्षा एकानं जास्त आला. मी म्हटलं, तुमचं चुकलं. ते म्हणाले, मॅडम, हिशोब माहा रोजचा आहे. भांडण होता होता लक्षात आलं की ते सुरुवातीची तांबडी कडी धरून मोजतात आणि मी तिच्या पुढच्यापासून. हीच चूक मी आठवीच्या पोरांना दरवर्षी समजावून सांगत आले. दोघांनी एकाच पद्धतीनं पुन्हा मोजलं. मग उलटीकडून मोजलं. दोन्ही वेळा जुळलं. नवी चेन आणि चक्रंही थिनरनं पुसून घेतली, आणि नवीवर तीन ठिपके देताना त्यांनी बाटली माझ्यापुढं केली, त्यात जेमतेम तेवढंच उरलं होतं. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले. तुम्हीच लावा म्हटलं.

तुटलेलीच्या जागी नवी पट्टी बसली, चेन चढली. खालची खूण खालच्या ठिपक्याला, वरच्या दोन वरच्या दोघांना. चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरची पिन ओढली तशी चेन ताठ झाली. मिस्त्रींनी लांब पाना लावून इंजिन हातानं फिरवलं, अगदी हळू, पूर्ण दोन फेरे. कुठं अडलं असतं तर तिथंच कळलं असतं. अडलं नाही. खुणा पुन्हा रेषेत आल्या. ते कानानं ऐकत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होते.

झाकणाला तेल गळू नये म्हणून चिकट मसाला लावून ते बसवलं आणि मुलगा आला. सोबत तो गाड्या घेणारा माणूस. मुलानं पाया पडून सोनं दिलं, मी आपट्याचं पान त्याच्या हातावर ठेवलं, आणि दोघांचीही नजर गाडीकडं. तो माणूस गाडीभोवती फिरला, दारं ठोकली, टायर पाहिले. मिस्त्री म्हणाले, मसाला सुकायला तासभर लागेल, तोवर सुरू करायची नाही. मुलगा घड्याळाकडं पाहायला लागला. मी सगळ्यांना चहा आणि कालचा चिवडा दिला. माझ्या बोटांचा लाल रंग गेला नव्हता. सून सोबत आली नव्हती हे बरं झालं.

तास झाला. नवं ऑइल भरलेलं होतं, बॅटरी जोडली. मिस्त्रींनी किल्ली माझ्या हातात दिली. मुलाच्या नाही, माझ्या.

मी किल्ली फिरवली. इंजिन लागलं आणि लगेच खळखळ सुरू झाली. तेच हरभरे. मुलाच्या तोंडावर दया दिसली, ती मला सर्वांत जास्त लागली. मिस्त्री मात्र हात वर करून उभे, थांबा म्हणत. टेन्शनरमध्ये तेल चढायचं होतं. एक क्षण, दोन क्षण, आणि आवाज थांबला. इतका थांबला की मला वाटलं इंजिनच बंद पडलं. मी बोनेटकडं पाहिलं, ते बारीक थरथरत होतं. निंबावरचे पोपट ऐकू येत होते. मी गाडीतच मोठ्यानं हसले. मला इतका आनंद मुलाच्या पहिल्या नंबरानंही झाला नव्हता, आणि हे मी त्याला नंतर सांगितलंही.

तो माणूस पुढं आला, बोनेटवर हात ठेवून ऐकलं आणि मुलाला म्हणाला, "काऊन विकून राहिले तुमी हिले?" माणूस उरलेला चहा पिऊन आपल्या गाडीनं निघून गेला.

मिस्त्रींना मी बसनं जाऊ देणार नव्हते. हत्यारं डिकीत भरली. मुलानं सवयीनं किल्लीसाठी हात पुढं केला. मी म्हटलं, मागं बस. तो मागं बसला, मिस्त्रींच्या शेजारी, आणि आमचे हे पुढं, त्यांच्या जागी.

पांढुर्ण्याचा रस्ता त्या दिवशी मोकळा होता. दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागलेला, संत्र्याच्या बागा, हिरवी संत्री. मी तिसऱ्यात घातली, चौथ्यात घातली. चढावर आवाज नाही, उतारावर नाही. मिस्त्री मागं बसून अभिमानानं इंजिन ऐकत होते. पुढं एक संत्र्यांनी भरलेला ट्रॅक्टर जात होता. मी हॉर्न दिला, इंडिकेटर दिला आणि त्याच्या बाजूनं गाडी काढायला घेतली.

"आई, जरा हळू," मागून मुलगा म्हणाला.

मी शेजारी पाहिलं. ह्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या. दोन्ही पाय लांब पसरलेले, सुखात. ब्रेक कुठंच शोधत नव्हते.

"चालवू दे तिले," हे म्हणाले.

मी ट्रॅक्टर मागं टाकला.